एकलहऱ्याला ‘थोडी डागडुजी’ पुरणार नाही

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्राबद्दल एक दावा पुन्हा पुन्हा कानावर येतो: ‘एकलहऱ्याच्या वीजनिर्मिती संचांचे पैसे कधीच फिटले. थोडी डागडुजी करा, आणखी वीस वर्षं स्वस्त वीज मिळेल. बंद केलेत तर नाशिक अंधारात जाईल.’ यामागची काळजी खरी आहे. दावा मात्र टिकत नाही.

आधी ‘स्वस्त’. कर्ज फिटलं की स्थिर खर्च उतरतो, हे मान्य. पण औष्णिक विजेत मोठा खर्च कोळशाचा, आणि इथला कोळसा विदर्भातून रेल्वेचं भाडं भरून येतो. त्यात 210 मेगावॅटचे हे तीन संच 1979 ते 1981 दरम्यानचे. तेवढ्याच विजेसाठी ते नागपूरजवळच्या कोराडी केंद्रातल्या 660 मेगावॅटच्या नव्या संचांपेक्षा जास्त कोळसा जाळतात. युनिटमागे 100 ग्रॅमचा फरक धरा, संच वर्षभर 70 टक्के भारावर चालला असं धरा; एकाच संचाचा जादा कोळसा सव्वा लाख टनांच्या वर जातो. ते पैसे ग्राहकच भरतो.

खरी दिशाभूल ‘थोडी डागडुजी’ या शब्दांत आहे. बॉयलरमधून निघणारी वाफ 540 अंशांच्या आसपास असते. त्या उष्णतेत, दाबाखाली, पोलाद वर्षानुवर्षं कणाकणाने ताणलं जातं. वरून पाइप धडधाकट दिसतो. पण पृष्ठभाग घासून, चकचकीत करून त्याचा ठसा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आतल्या बारीक पोकळ्या दिसू लागतात. त्या एकमेकींना मिळाल्या की भेग पडते. तिथे ठिगळ लावून भागत नाही. हेडर (नळ्यांतली वाफ गोळा करणारे जाड पाइप), नळ्या, टर्बाइनचा फिरणारा रोटर, नियंत्रण यंत्रणा असं सगळं तपासावं आणि बरंचसं बदलावं लागतं. कोराडीचा 6 क्रमांकाचा संच याच क्षमतेचा. त्याच्या नूतनीकरणासाठी जागतिक बँकेचं कर्ज घ्यावं लागलं आणि कामात अनेक वर्षं गेली. शिवाय आता दुपारी सौर वीज आली की कोळशाच्या संचांची निर्मिती उतरवायची आणि संध्याकाळी पुन्हा चढवायची. रोजचं हे तापणं-निवणं म्हाताऱ्या धातूला आणखी झिजवतं.

‘केंद्रानेच बंद करू नका म्हटलंय’ हेही अर्धंच. जानेवारी 2023 मधला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा सल्ला 2030 पर्यंतचा आहे, वीस वर्षांचा नाही.

अंधाराचं म्हणाल, तर एकलहऱ्याची वीज नाशिकसाठी राखून ठेवलेली नसते, ती राज्याच्या ग्रीडमध्ये जाते. स्थानिक व्होल्टेज सांभाळायचा प्रश्न रास्त आहे, पण त्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही. जर्मनीत बिब्लिसच्या बंद अणुकेंद्रातला जनरेटर 2012 मध्ये, ग्रीडच्याच विजेवर नुसता फिरता ठेवून, याच कामाला लावला गेला.

धुराबद्दल हा दावा गप्पच असतो. 2003 पर्यंतच्या संचांना धुळीची मर्यादा घनमीटरला 100 मिलिग्रॅम आहे, 2017 पासूनच्या संचांना 30. आयुष्य वाढवणं म्हणजे ही सैल मर्यादाही वाढवणं.

उरतो रोजगार, आणि इथे मी दावा करणाऱ्यांच्या बाजूने आहे. प्रकल्पासाठी जमिनी गेलेली गावं आणि कंत्राटी कामगार यांना वाऱ्यावर सोडून चालणार नाही. 140 मेगावॅटचे दोन संच 2011 मध्ये बंद झाले, त्यांच्या जागी 660 मेगावॅटचा संच येणार असं वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं, तो आला नाही. म्हणून आता मागणी तारखेसकट आणि लेखी हवी: इथल्या जमिनीवर, स्विचयार्डाला (केंद्राची वीज ग्रीडला जोडणाऱ्या आवाराला) जोडून बॅटरी साठवणूक आणि सौर प्रकल्प, त्यात कंत्राटी कामगारांना आधी काम, आणि शेवटचा संच थांबण्यापूर्वी त्यांचं प्रशिक्षण पूर्ण.