‘थंडीत कासव झोपतंच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दर डिसेंबरला एक मेसेज फिरत फिरत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो. ‘घरचं कासव आजारी वाटलं तर घाबरू नका’ अशी सुरुवात आणि खाली पाच सल्ले. खात नसेल तर ती शीतनिद्रा, हलवू नका. नाकातून बुडबुडे म्हणजे साधी सर्दी, हळदीचं दूध पाजा. डोळे सुजले तर गुलाबपाणी घाला. पाठ मऊ पडली तर खोबरेल चोळून काचेच्या खिडकीत उन्हाला ठेवा. एवढं करूनही गुण आला नाही तर देवळाच्या तळ्यात सोडा. यंदा तो माझ्या आत्याने पाठवला, अगदी काळजीपोटी. पण यातल्या पहिल्या सल्ल्यापायी आमचं कासव एकदा जाता जाता वाचलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आमचं कासव म्हणजे दुकानात रुपयाएवढं असताना विकतात ते, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रेड इअर्ड स्लायडर. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तिकडच्या कडक हिवाळ्यात ते गारठलेल्या पाण्यात तळाशी पडून राहतं, हे खरंच आहे. पण त्याआधी ते आठवडेच्या आठवडे खाणं कमी करत जातं, पोट रिकामं करतं आणि मुळात धडधाकट असतं. आमच्या नाशिकच्या थंडीत काय होतं? पहाटे गॅलरीतल्या टबातलं पाणी बर्फासारखं, दुपारी ऊन चटका देतं. कासवाला धड झोप नाही, धड जाग नाही. त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. बाहेर गार तर तेही गार, आणि गार अंगात अन्न पचत नाही, रोगाशी झुंजायची ताकदही मंदावते. त्याचं न खाणं ही झोप समजून आम्ही बारा दिवस वाट पाहिली. तेराव्या दिवशी ते पाण्यात डाव्या अंगाला कलून तरंगत होतं. मान लांब करून, तोंड उघडून श्वास घेत होतं आणि प्रत्येक श्वासाला बारीक ‘टिक’ असा आवाज येत होता. उजव्या नाकपुडीवर साबणासारखा एक बुडबुडा फुगायचा आणि फुटायचा.

मेसेजमधली ‘साधी सर्दी’ ती हीच. कासवाला आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा स्नायूचा पडदा नसतो, त्यामुळे त्याला नीट खोकता येत नाही. फुप्फुसात साचलेला कफ तिथेच राहतो. एका बाजूचं फुप्फुस भरलं की कासव कलतं. एक्स-रेमध्ये आमच्या कासवाचा न्यूमोनिया स्पष्ट दिसला. उपचार इंजेक्शनांचे होते, तेही दर तीन दिवसांनी एक, कारण कासवाच्या शरीरात औषध फार सावकाश जिरतं. हळदीच्या दुधाने यातलं काय होणार होतं? सरपटणाऱ्या प्राण्यांना दूध पचतच नाही. वर जबरदस्तीने पाजताना ते श्वासनलिकेत गेलं तर संपलंच.

घरी करायचं ते एवढंच, आणि याच क्रमाने: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. पाणी 27-28 अंशांवर ठेवणारा फिश टँकचा हीटर, बाहेर येऊन बसायला कोरडा दगड आणि त्यावर 32 अंशांच्या आसपास ऊब देणारा बल्ब. थर्मामीटर लावा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. फार अशक्त असेल तर कोमट पाण्यात, हनुवटी वर राहील इतक्याच खोलीत, 15-20 मिनिटं. गार कासवाला भरवू नका, पोटातलं अन्न तसंच कुजतं. आणि हे सगळं दवाखान्यात नेईपर्यंतचं आहे, दवाखान्याऐवजी नाही. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. कवचाआड रोडावलेलं कासव डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं.

सुजलेल्या डोळ्यांचं कारण बहुतेकदा ताटात असतं. वर्षानुवर्षं नुसता सुका जवळा खाऊ घातला की अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि पापण्या फुगून डोळे मिटतात. दिसत नाही म्हणून कासव खात नाही, खात नाही म्हणून आणखी खंगतं. गुलाबपाण्याने ते भरून निघत नाही. बरं असताना किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला देत राहा. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मात्र डॉक्टरच ठरवतील, कारण त्याचा डोस जास्त झाला तर कातडी सोलून निघते. कुत्र्याच्या गोचिडांवरचं आयव्हरमेक्टिन तर कासवाच्या जवळही नेऊ नका, त्याने कासव मरतं.

पाठ म्हणजे बरगड्या आणि कण्याला जोडलेलं हाड. ती मऊ पडते कॅल्शियम आणि अतिनील किरणांअभावी, आणि ते किरण खिडकीची काच अडवते. थेट कोवळं ऊन हवं, शेजारी सावली हवी आणि पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा हवा, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो. तेल नकोच. त्याने मळ धरतो.

आणि तळं? आजारी स्लायडर गार पाण्यात मरेल. जगलंच तर इथल्या कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं बळकावेल. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव तर जमिनीवरचं, ते तळ्यात बुडून मरतं. ते घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कुणाकडे असेल तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

आत्याला मी हेच लिहून पाठवलं. तिच्या शेजाऱ्यांचं कासव चार दिवस खात नाहीये, म्हणून तिने मेसेज शोधला होता. आज दुपारी ते त्याला दवाखान्यात नेतायत. बादलीत पाणी भरून नेऊ नका, असं मी बजावलंय. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत ओलसर टॉवेल आणि बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली.