एका वेळी काय काय चालतं?

स्वयंपाकघराचं वायरिंग नव्याने करायचं ठरलं, तेव्हा मी भिंतींचा नकाशा काढून त्यावर लाल पेनने अकरा पॉइंट मांडले. एका प्लगात एक्स्टेन्शन बोर्ड, त्या बोर्डात आणखी एक, अशी वंशावळ वाढवत आलेल्या माणसाला अकरा पॉइंट म्हणजे ऐश्वर्यच. वायरमनने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "यातलं एका वेळी काय काय चालतं?"

प्रश्न साधा वाटतो. घरात विचारून बघा.

बायको म्हणाली, "मी एका वेळी एकच वस्तू लावते." मुलगा किटलीशिवाय कशालाच हात लावत नाही म्हणे. आईचा मिक्सर दोनच मिनिटं फिरतो, त्यामुळे तो धरायचाच नाही. या सगळ्या जबान्या खऱ्या मानल्या, तर रोज सकाळी सव्वाआठला आमचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका) निव्वळ हौसेने पडत होता.

शेवटी मीच उपकरणं उलटीपालटी करून लेबलं वाचली. इंडक्शन २००० वॅट, किटली १५००, मिक्सर ७५०. मायक्रोवेव्हवर ठळक ८०० दिसलं आणि जरा बरं वाटलं. पण ती आतल्या पदार्थासाठीची शक्ती. भिंतीतून तो १२०० ओढतो, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. एकूण ५४५०. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर. आणि हे सगळं १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर!

"मग तो लगेच का पडत नाही?"

"शॉर्ट झालं तर लगेच पडेल. लोड थोडा जास्त असला तर आतली पट्टी तापून वाकेपर्यंत वेळ लागतो."

म्हणजे पट्टी बिचारी कधीपासून तापत असायची आणि आम्ही खेकसायचो ते शेवटचं बटण दाबणाऱ्यावर. (खेकसणारा बहुतेक वेळा मीच. नोंद असावी.)

"मग ३२चा टाका की!" मी तोडगा सुचवला. वायरमनने हातातला टेस्टर खाली ठेवला. एमसीबी वायरला वाचवायला असतो. वायर तीच ठेवून तो मोठा केला, तर तो गप्प बसेल आणि भिंतीतली वायर तापेल. त्यानंतर मी तोडगे सुचवले नाहीत.

मग इंडक्शनला स्वतंत्र लाइन मिळाली. मायक्रोवेव्ह आणि किटली दुसऱ्या लाइनवर, मिक्सर तिसऱ्या. फ्रिजची लाइन वेगळी, कारण किटलीच्या पापाची शिक्षा त्याने का भोगावी? सिंकजवळ पॉइंट नाही, शेगडीच्या डोक्यावर नाही. माणसांना शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आला. माझ्या अकरांपैकी चार लाल ठिपके शहीद झाले.

"मिक्सर कुठे उभं राहून लावतात?" वायरमनने जाता जाता विचारलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आईला कशाला उठवायचं? मी फ्रिजशेजारचा कोपरा दाखवला. तिथे झिरी मारली, पॉइंट बसला, वर टाइल्सही लागल्या.

आता सकाळी सव्वाआठला चारही यंत्रं एकदम चालतात आणि एमसीबी ढिम्म हलत नाही. फक्त आई मिक्सर लावते ती खिडकीपाशी, तीस वर्षं लावत आली तिथेच. "इथे उजेड असतो," ती म्हणते. आणि फ्रिजशेजारच्या कोऱ्या पॉइंटापासून खिडकीपर्यंत, अख्ख्या ओट्यावरून, मी माळ्यावर टाकलेला तो जुना एक्स्टेन्शन बोर्ड पसरलेला असतो.