काचेवर ‘एचसीआर’ लिहिलेल्या हेडलाइटमध्ये झेनॉन बसवू नका

हेडलाइटमध्ये घरीच झेनॉन (तारेऐवजी वायूत ज्योत पेटणारा बल्ब) बसवा असा एक मेसेज गेला महिनाभर आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींत फिरतोय, मला तिघांनी पाठवला आणि तिसरा माझा भाचा, त्याने तर खाली लिहिलं, "मामा, किट आणलंय, रविवारी तुमच्या अंगणात बसवू." मेसेज थोडक्यात असा: कुठल्याही गाडीत घरी अर्ध्या तासात झेनॉन बसतो, वायर कापावी लागत नाही, उजेड तिप्पट म्हणून तिप्पट लांबचं दिसतं, समोरच्याला त्रास झाला तर हेडलाइट जरा खाली करायचा, ३५ वॉटचा असल्यामुळे बॅटरी वाचते, ८००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) घ्या म्हणजे पावसात भारी, आणि महाग गाड्यांत कंपनीच देते म्हणजे कायद्याचा प्रश्नच नाही.

एकेक घेतो, कारण यातलं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतंय.

‘वायर न कापता बसतो.’ बसतो, खोटं नाही. बूड सारखंच असतं, तीन कान खाचेत जातात, क्लिप लागते, झालं. पण घरात जुना एच-४, म्हणजे हेडलाइटचा नेहमीचा तारेचा हॅलोजन बल्ब पडला असेल तर जरा उजेडात धरून बघा. आत दोन तारा दिसतील, मागची अप्परची, पुढची डिप्परची, आणि पुढच्या तारेच्या बरोबर खाली पत्र्याची इवलीशी वाटी. सगळी करामत त्या वाटीची आहे. डिप्परवर असताना तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो, खालच्या अर्ध्यावर पडला असता तर तो वर उसळून समोरच्याच्या डोळ्यात गेला असता. वाटीची एक कड १५ अंशांनी उतरती असते, त्यामुळे आपल्याकडे डाव्या हाताला उजेड थोडा वर चढतो आणि कडेने चाललेला सायकलवाला दिसतो. तार कुठे हवी, वाटी कुठे हवी, हे मिलिमीटरच्या भागात ठरलेलं असतं आणि रिफ्लेक्टर त्या एका जागेसाठीच घडवलेला असतो.

झेनॉनमध्ये तार नसतेच. छोट्या कुपीत दोन टोकं आणि मध्ये जेमतेम चार मिलिमीटरची पेटती ज्योत, ती पण सरळ नाही, वरच्या अंगाला कमानीसारखी वाकलेली, आणि सगळ्यात जास्त झळाळी दोन टोकांशी, मध्ये कमी, म्हणजे हॅलोजनच्या तारेच्या बरोबर उलट. कुपीच्या बाहेरून परतीची वायर जाते तिची सावली आणखी वेगळी. ही ज्योत तुम्ही तारेसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये ठेवलीत तर उजेड जाणार कुठे? झेनॉन बनवणाऱ्यांनी सुद्धा रिफ्लेक्टरच्या हेडलाइटसाठी वेगळा बल्ब काढला, डी-२-आर, त्याच्या काचेवर काळे पट्टे असतात, नको तिकडचा उजेड अडवायला. भिंगाच्या, म्हणजे प्रोजेक्टर हेडलाइटसाठीच्या डी-२-एस वर ते पट्टे नाहीत. एकच बल्ब दोन्हीकडे चालला असता तर हा खटाटोप कोणी केला नसता.

मी स्वतः हे करून बघितलंय, काही वर्षांपूर्वी, आमच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर. हॅलोजनवर भिंतीवर स्पष्ट रेघ होती, खाली उजेड, वर अंधार, डावीकडे रेघ तिरकी वर. झेनॉन लावल्यावर रेघच गेली. खाली दोन पांढरेफेक डबके, आणि वर पार शेजाऱ्यांच्या पहिल्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत उजेड. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून विचारलं की लाइट कसला लागलाय. गाडी डिप्परवर होती.

आता ‘तिप्पट उजेड, तिप्पट लांब’. एच-४ ची डिप्परची तार साधारण १००० ल्युमेन (हे उजेडाचं माप) देते, डी-२-एस झेनॉन ३२००, म्हणजे बल्बपुरतं तिप्पट खरं. पण दुप्पट लांबच्या वस्तूवर तेवढाच उजेड पाडायला चौपट लागतो, त्यामुळे सगळा उजेड अगदी योग्य जागी गेला तरी तिप्पटमध्ये पावणेदोन पटीच्या आतच लांब पोचाल. आणि तो योग्य जागी जातच नाही ना! बराचसा गाडीच्या पुढ्यातच सांडतो. पुढ्यातला रस्ता लख्ख दिसला की आपल्याला वाटतं काय मस्त दिसतंय, पण त्या लख्ख उजेडाने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. मला हे समजायला दोन महिने लागले. ओंकारेश्वरहून रात्री परत येत होतो, भेरूघाटात, पुढचे दहा-पंधरा मीटर दिवसासारखे आणि त्याच्या पुढे काहीच नाही, वळणावर कडेला बंद पडलेली ट्रॉली, मागे लाल लाइट नाही, ती मला हॅलोजनवर जिथे दिसली असती त्याच्या बरीच नंतर दिसली. ब्रेक लागला म्हणून वाचलो. बायको आणि आई मागे झोपलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी किट काढलं.

‘समोरच्याला त्रास झाला तर खाली करा.’ हे सगळ्यात घातक आहे, कारण ऐकायला समजूतदार वाटतं. खाली केल्याने रेघ खाली येते, पण इथे रेघ उरलेलीच नाही, उजेड चहूकडे उधळलाय. मग खाली किती करणार? जो थोडाफार लांब जात होता तो पण पायाशी येतो आणि उधळलेला तसाच समोरच्याच्या डोळ्यात राहतो. घाटातल्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणारा म्हणजे कोण, तर बहुतेक वेळा बाइकवर नवराबायको आणि मध्ये पोर. त्याला दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, आणि त्याच्या डाव्या हाताला दरी असते.

‘३५ वॉट, बॅटरी वाचते.’ चालू झाल्यावर कमी ओढतो, खरं, पण पेटताना पहिले काही सेकंद चोक (किटमधला बल्ब पेटवणारा डबा) त्यापेक्षा बराच जास्त करंट ओढतो. ठिणगी पाडायला तो वीस-पंचवीस हजार व्होल्टचा झटका देतो, नंतर ८५ व्होल्टच्या आसपास चालतो. हा चोक घरी बसवताना लोक डबल टेपने बोनटखाली चिकटवतात, हेडलाइटच्या मागच्या रबरी टोपीला भोक पाडून वायर आत घालतात, आणि आपल्याकडच्या जुलैत त्याच भोकातून ओल आत जाते. रिफ्लेक्टरची चकाकी उडाली की मग तुम्ही हॅलोजन परत लावलात तरी पहिल्यासारखं दिसत नाही.

८००० केल्विनचं एका ओळीत: कंपनीकडून येणारा झेनॉन ४३०० च्या आसपास असतो, त्याच्यावर जाल तसा उजेड निळा होतो आणि कमी होतो, ओल्या डांबरावर तर निळा उजेड नुसता डोळ्याला टोचतो.

राहिला कायदा. कंपनी देते म्हणजे काय देते ते बघा. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये झेनॉन पहिल्यांदा आला तेव्हापासून तो अख्खा हेडलाइट म्हणून येतो, नुसता बल्ब म्हणून नाही. युरोपच्या नियमात डिप्परचा बल्ब २००० ल्युमेनच्या वर गेला की मागे सामान भरलं तरी बीम आपोआप खाली येणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने बदल करायला मनाई करतं आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १०६ वा नियम म्हणतो की दिवा असा खाली वळवलेला हवा की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही. आणि कोणाला माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर आपल्या हेडलाइटच्या काचेवर बोटाने चाचपून बघा, गोलात ‘ई’ असतो त्याच्या जवळ ‘एचसीआर’ उठवलेलं असेल तर तो हॅलोजनसाठी पास झालाय. झेनॉनच्या काचेवर ‘डीसीआर’ किंवा ‘डीसी’ असतं. किटवाले चोकवरचा ‘ई’ दाखवतात, तो बहुधा रेडिओत खरखर येऊ नये त्या चाचणीचा असतो, उजेडाचा नव्हे.

उजेड कमी पडतो ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे, तिला उत्तर द्यायला हवं. भाच्याला म्हटलं, ये रविवारी, पण किट डब्यातच राहू दे. आधी मीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.६ व्होल्ट, बल्बच्या कपलरवर (जोडणीच्या प्लगवर) ११.८. म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट त्या बारीक वायरीत आणि स्टीअरिंगजवळच्या स्विचमध्येच संपत होते, आणि हॅलोजनचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्के पडतो. इथल्या छोटी ग्वालटोलीच्या बाजारातून दोन रिले (थोड्या करंटवर जास्त करंट सोडणारे स्विच), जाड वायर, सिरॅमिकचे होल्डर आणि फ्यूज आणले, बॅटरीच्या शेजारी फ्यूज, तिथून रिलेतून थेट बल्बला, जुना स्विच आता फक्त रिले ओढतो. कपलरवर १३.२. बल्ब तोच ६०/५५ वॉटचा, १००/९० चा नाही, त्याने होल्डर वितळतात. काच पिवळी पडली होती ती पाणी मारत आधी १००० मग २००० नंबरच्या पेपरने घासली, पॉलिश केली, वर यूव्ही कोट मारला. अंधार पडल्यावर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली, हेडलाइटच्या मधल्या उंचीला खडूने रेघ मारली आणि उजेडाची रेघ तिच्या १० सेंटीमीटर खाली आणली. डावीकडे तिरकी चढण अगदी चोख दिसत होती. भाचा मागे दोन गोणी सिमेंट टाकून परत बघत बसला की डॅशबोर्डवरचं हेडलाइट खाली-वर करायचं गोल बटण फिरवल्यावर रेघ खाली येते का.

काकूंची खिडकी बंदच राहिली. किट बिलासकट डब्यात आहे, उद्या संध्याकाळी परत करायला जातोय.