‘क्वचित’ची खूण कशाला हवी: ताईंच्या कॉमेंटला उत्तर

नमस्कार ताई, कॉमेंट दोनदा नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की जपानी डिक्शनरीत एखाद्या शब्दाच्या कांजी रूपापुढे, म्हणजे चिनी अक्षरांतल्या लेखनापुढे, ‘क्वचित’ अशी खूण करणं म्हणजे ते रूप अडगळीत टाकणं, आणि क्वचित काय ते ठरवणारे आम्ही कोण? दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे, त्यावर येतोच, आधी पहिलं.

मी पुण्यात जपानी शिकत होतो तेव्हा माझ्याकडची डिक्शनरी सगळी रूपं एका ओळीत सारखीच दाखवायची. ‘कोको’ म्हणजे इथे, ‘सोरे’ म्हणजे ते, ‘सुरू’ म्हणजे करणे, हे शब्द लोक एरवी ‘काना’ ह्या उच्चारानुसार लिहायच्या साध्या लिपीत लिहितात, पण ह्या सगळ्यांना कांजी आहेत, आणि स्पेस दाबली की कीबोर्ड ती देतो पण, त्यामुळे मला वाटायचं की जितक्या कांजी जास्त तितकं लिखाण भारदस्त. तसाच एक ईमेल क्लायंटला गेला. तिकडच्या बाईंनी फोन केला आणि फार सांभाळून विचारलं की हे असं लिहायला कुठे शिकलात, वाचायला वेळ लागला. व्याकरणाची एक चूक नव्हती हो त्यात! आता बघा, उद्या कुणी परदेशी मुलगी मराठी शिकून तुम्हाला व्हॉट्सॲपवर ‘मी आतां येत नाहीं’ असं अनुस्वार देऊन लिहील. १९६२च्या नियमांआधी ते बरोबर होतं, जुन्या पुस्तकांत आजही दिसतं, डिक्शनरीत ते हवंच, पण आज असं कुणी लिहीत नाही हे तिला कुठेतरी कळायला नको का?

आता ठरवतं कोण. जिम ब्रीन यांनी १९९१मध्ये सुरू केलेल्या एडिक्ट ह्या कॉम्प्युटरवरच्या जपानी-इंग्रजी डिक्शनरीतून जेएमडिक्ट वाढली, कितीतरी ॲप्सच्या पोटात तीच असते. तिथले संपादक एका शब्दाची सगळी रूपं मोठ्या मजकुरात किती वेळा येतात ते बघतात आणि एखादं बाकीच्यांपुढे नगण्य निघालं तर खूण करतात. पण नुसत्या आकड्यावर विसंबलं की फसगत होते हे मी पण मानतो. ‘इत्सु’ म्हणजे कधी आणि ‘नानजी’ म्हणजे किती वाजता, दोन्ही त्याच दोन कांजींत लिहिता येतात, आकडा भरपूर येतो, पण तो बहुतेक ‘नानजी’चा असतो कारण ‘इत्सु’ लोक सहसा काना लिपीतच लिहितात. असं एकेक वाक्य उघडून बघावं लागतं, दुसरा इलाज नाही.

आणि रूपं क्वचित झाली ती आपोआप नाही. १९४६मध्ये जपानी सरकारने रोजच्या वापराच्या १,८५० कांजींची यादी काढली तेव्हा प्राणी आणि वनस्पतींची नावं काना लिपीत लिहा असंही त्यात सांगितलं. ‘हिमावारी’ म्हणजे आपलं सूर्यफूल, त्याच्या तीन कांजींत सूर्याकडे तोंड केलेलं फूल असा अर्थ सरळ दिसतो, इतकं सुंदर रूप, पण आज बियांच्या पाकिटावर बहुतेक काताकानाच, म्हणजे कानाचाच एक प्रकार, असते. यादी २०१०मध्ये २,१३६वर गेली तरी फुलांच्या नावांची सवय तशीच राहिली.

तुम्ही कॉमेंटमध्ये दिलेलं गुलाबाचं उदाहरण मात्र मला पटलं. ‘बारा’ म्हणजे गुलाब, त्याची कांजी हाताने लिहायला भल्याभल्यांना जमत नाही, यादीतही ती नाही, पण छापलेली दिसली की लगेच वाचतात. तिला ‘क्वचित’ म्हणणं चूकच. कॉफीचं पण तसंच, लेखात ‘कोही’ काताकानात आणि जुन्या धाटणीच्या कॅफेच्या पाटीवर कांजीत, तिथे ‘पाट्यांवर दिसते’ एवढी टीप हवी.

आणि एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. जेएमडिक्टमध्ये काही रूपं ‘फक्त शोधण्यापुरती’ ठेवतात, म्हणजे टाइप केलं तर शब्द सापडतो पण ते रूप स्क्रीनवर दिसत नाही. जुनी कादंबरी वाचणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. निव्वळ टायपिंगच्या चुका लपवा, पण एकेकाळी लोक खरंच जे लिहायचे ते दिसू दे, खुणेसकट. तुम्ही युद्धाआधीच्या कथा वाचता असं लिहिलंय ना, मग अशी लपलेली रूपं भेटली तर पुस्तकाचं साल आणि ते अख्खं वाक्य मला पाठवा, मी सुधारणा म्हणून ती एकेक करून तिकडे सुचवतो.