रस्ता बंद, पण कधीपर्यंत?

बडोद्याच्या दांडिया बाजारातला रस्ता ड्रेनेजच्या कामासाठी दोन-तीन महिने बंद ठेवणार अशी कुणकुण लागली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. मावसभावाचं तिथे स्टेशनरीचं दुकान आहे. त्याच्या मते रस्ता बंद म्हणजे गल्ला बंद. रात्री खणा, सकाळी पत्रे टाकून वाहतूक सोडा. मावशी म्हणते, "बंदच करा बाई एकदाचा, रिक्षात बसलं की जीव मुठीत धरावा लागतो." मी हे सगळं लंडनमधून वाचते. आता ही "आमच्याकडे कसं शिस्तीत चालतं" हे पुराण लावणार, अशी दोघांनाही धास्ती.

नाही लावणार. मी राहते तिथला पूल एप्रिल 2019 पासून गाड्यांना बंद आहे.

थेम्स नदीवरचा हॅमरस्मिथ पूल हा 1887 सालचा झुलता पूल. त्याच्या साखळ्यांचा भार ज्या ओतीव लोखंडाच्या बैठकांवर येतो, त्या बैठकांना बारीक भेगा सापडल्या आणि मोटारी थांबवल्या गेल्या. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या उकाड्यात भेगा वाढल्या, तेव्हा पायी जाणाऱ्यांनाही मनाई झाली आणि पुलाखालून होड्या नेणंही बंद झालं. जुलै 2021 पासून चालणारे आणि सायकलवाले जातात. मोटारी आणि बस मात्र अजून वळसा घालतात, चिझिकच्या पुलावरून नाहीतर पटनीच्या. पूर्ण दुरुस्तीचा अंदाज पंचवीस कोटी पौंडांच्या घरात. पूल स्थानिक कौन्सिलचा, त्यामुळे वाटा कुणी किती उचलायचा यावर कौन्सिल, लंडनचं वाहतूक खातं आणि केंद्र सरकार यांची टोलवाटोलवी चालू. नदीपलीकडची दवाखान्याची वेळ गाठायची तर घरातून बरंच आधी निघावं लागतं, आणि वाटेत चिझिकला कोंडी लागली तर तेही पुरत नाही. आमच्या बाजूच्या म्हाताऱ्या शेजारणी या विषयावर मावसभावाला लाजवतील असं बोलतात.

तरीही तो पूल बंद केला हे बरोबरच केलं, असं मी म्हणते. त्याचं कारण इकडचं नाही, बडोदा जिल्ह्यातल्या पादरा गावाजवळचं आहे. मही नदीवरचा, बडोदा आणि आणंद या जिल्ह्यांना जोडणारा गंभीरा पूल 1985 सालचा. 9 जुलै 2025 ला सकाळी त्याचा दोन खांबांमधला एक गाळा गाड्यांसकट खाली गेला आणि वीसहून जास्त माणसं दगावली. तुटक्या टोकावर एक टँकर बरेच दिवस लटकून होता. त्याचा फोटो बडोद्यात कुणाच्या फोनमध्ये नसेल असं वाटत नाही. सरकारने जे प्राथमिक कारण सांगितलं, त्यात पुलाची पेडेस्टल, म्हणजे बैठका, आणि सांधे चिरडल्याचं म्हटलं होतं. म्हणजे दोन्हीकडे दुखणं बैठकीतलंच. एकीकडे केसाएवढी भेग दिसली आणि गाड्या थांबल्या. दुसरीकडे तक्रारी झाल्या, नव्या पुलाची बोलणीही झाली, आणि जुन्यावरून ट्रक जातच राहिले. पूल पडल्यावर मात्र राज्यभर तपासणी झाली आणि कितीतरी पूल एकदम बंद झाले किंवा जड वाहनांना मनाई झाली. तेव्हा पुन्हा ओरड: नदीपलीकडच्या बोरसदकडून पादऱ्याच्या कारखान्यात येणाऱ्याने डिझेल कुठून आणायचं? ओरड खोटी नव्हती. पण ती बैठक आधी बदलायला घेतली असती, तर वळसा ठरलेल्या मुदतीचा असता.

मावसभाऊ म्हणतो, दांडिया बाजार म्हणजे काय पूल आहे का? नाही, पण खाली पोकळी आहेच. बडोद्यात पावसाळ्यात भुवे, म्हणजे रस्ता खचून अचानक होणारे मोठे खड्डे, पडतात ते काही आभाळातून पडत नाहीत. जुन्या ड्रेनेजचा सांधा सुटतो, त्या फटीतून आजूबाजूची माती पाण्याबरोबर लाइनीत वाहून जाते आणि वर रस्ता धडधाकट दिसत राहतो. शेवटी खाली मोठा पोकळ घुमट आणि वर वीतभर डांबर उरतं. एखादी बस किंवा पाण्याचा टँकर आला की काम तमाम. असा सांधा पत्रे टाकून, रात्रीपुरता खणून दुरुस्त होत नाही. लाइन उघडी करायची, पाणी वळवायचं, नवा पाइप टाकायचा, माती थराथराने दाबायची. घाईत माती नुसती लोटली की पुढच्या आषाढात त्याच जागी खड्डा, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

लंडनकडून उचलण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती फार रुक्ष आहे. इथे मोठ्या कामासाठी रस्ता अडवायचा तर तीन महिने आधी कळवावं लागतं. वर्दळीच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खणणाऱ्या पाण्याच्या, गॅसच्या कंपन्यांकडून 2012 पासून भाडं घेतलं जातं, दिवसाला दोन हजारांवर पौंड जाऊ शकतं इतकं. रस्ता अडवून ठेवणं महाग झालं की खणणाऱ्याला आपोआप घाई होते, किंवा तो रात्रीची पाळी लावतो. आपल्याकडे बॅरिकेड फुकट असतं. एकदा उभं केलं की कंत्राटदार दुसऱ्या साइटवर जातो, आणि दुकानदार महिनाभर त्या निळ्या पत्र्याकडे बघत बसतो. मावसभावाचा राग खरा तर या रिकाम्या दिवसांवर आहे आणि तो रास्त आहे. बंद रस्त्यावर माणसं काम करताना दिसली तर तो एवढा तडकला नसता, असा माझा अंदाज.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं: बंदला विरोध करू नका, तारीख मागा. उघडायची तारीख, ती टळली तर कंत्राटदाराला दर दिवसाचा दंड, आणि पैसे आधी मंजूर झाल्याचा कागद. हॅमरस्मिथला नेमका हाच शेवटचा कागद नव्हता.

मग प्रश्न आला मुहूर्ताचा. पावसात खणता येत नाही. गणपतीत मिरवणुका. नवरात्रात गरबा, म्हणजे रात्रभर वर्दळ. दिवाळीचं तर नावच काढू नका. मी सुचवलं, उत्तरायण उरकलं की पतंग उतरवा आणि रस्ता उघडा करा, होळीपर्यंत सात-आठ आठवडे मिळतात. मावसभावाचं उत्तर लगेच आलं: "ताई, तेव्हा लग्नं असतात, पत्रिका छापायला गिऱ्हाईक येतं."

"चालत येईल," मावशीने लिहिलं, "तुझ्या दुकानासमोर गाडी लावायला जागा होती कधी?"