‘बदकाचं पिल्लू मलूल आहे? पाण्यात सोडा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

इंदुरातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, परसात कोंबड्या-बदकं पाळणाऱ्यांसाठी म्हणून. अंड्यातून निघालेलं बदकाचं पिल्लू मलूल दिसलं तर टबभर पाण्यात सोडा, लगेच दूध-पोळी भरवा, खाली पेपर अंथरा, नाहीतर सरळ खुडूक कोंबडीखाली सरकवा, वेगळं ठेवलं तर कळप नंतर घेत नाही, बाकी निसर्ग बघून घेतो. हेतू चांगला असेलही, पण यातलं एकेक धडधाकट पिल्लालासुद्धा जड जाईल, मग मलूल पिल्लाचं काय होणार सांगा.

आधी पाण्याचं बोलू, कारण कितीतरी पिल्लं त्यातच जातात. बदकाचं पिल्लू जन्मतः पोहतं हे खरं, पण पाण्यातून आल्यावर आई त्याला पंखाखाली घेऊन कोरडं करते. अंडी उबवायच्या मशीनमधून निघालेल्या पिल्लाला आईच नाही, लव भिजली की अंग गार पडतं आणि ते गारठूनच जातं, बुडायचीही गरज नाही. त्याला हवी ऊब, पहिल्या आठवड्यात 32 ते 35 डिग्री, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. खोक्याच्या एकाच टोकाला बल्ब लावा म्हणजे ते आपलं आपण सरकतं, बल्बखाली चिकटून सारखं ओरडत असेल तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर उकडतंय. आपल्या मे महिन्यात दुपारी बहुतेक बल्ब बंदच ठेवावा लागतो.

प्यायला पाणी मात्र नाकपुड्या बुडतील एवढं खोल हवं, बदक नाक धुतं आणि घास पाण्याबरोबरच गिळतं. छोट्या वाटीत गोट्या टाका म्हणजे आत पडणार नाही. ड्रॉपरने घशात पाणी सोडू नका, श्वासनलिकेत जातं, चोचीच्या कडेला थेंब लावला की ते स्वतः चाटतं.

‘लगेच भरवा’ हेही चूक. निघायच्या आधी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो, त्यावर पहिला दिवस आरामात निघतो. आणि दूध? पक्ष्यांना ते पचतच नाही हो, जुलाब लागतात. पोळीत पुरेसं पोषण नाही. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर फीड (लहान पिल्लांचं तयार खाद्य) कोमट पाण्यात कालवून द्या, पण नुसतं तेवढंही पुरत नाही, बदकाच्या पिल्लाला नायसिन (एक बी जीवनसत्त्व) कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं, किलोभर खाण्यात साधारण 55 मिलिग्रॅम. ते कमी पडलं की पाय वाकतात, ढोपरासारखा सांधा सुजतो, आणि लोक म्हणतात जन्मतःच लंगडं होतं! म्हणून फीडमध्ये ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पूड) मिसळा.

पेपर तर अजिबात नको. गुळगुळीत कागदावर पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. जुना टॉवेल किंवा गोणपाट अंथरा. पाय फाकलेच असतील तर पहिल्या एक-दोन दिवसांतच दोन्ही पाय मऊ पट्टीने नेहमीच्या अंतरावर सैलसर जोडतात, उशीर झाला की हाड तसंच घट्ट होतं.

आता कोंबडी. तिचा अंडी उबवायचा हिशोब 21 दिवसांचा, बदकाच्या अंड्याला साधारण 28 लागतात, म्हणजे वेळ जुळेलच असं नाही. जी बसलेलीच नाही किंवा जिची पिल्लं आधीच निघालीत, ती परक्या, डुलत चालणाऱ्या पिल्लाला टोचून मारू शकते. झाबुआचा कडकनाथ कितीही नावाजलेला असो, त्याच्या माद्या मुळात खुडूक बसायलाच नाखूश. मोठे नर बदक, कोंबडे मोकळे असताना तर पिल्लू कळपात सोडूच नका.

‘वेगळं ठेवलं तर कळप नंतर घेत नाही’ या एका मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून जरा तरतरी आली की खोका जाळीआड ठेवा, सगळ्यांना ते दिसेल, ऐकू येईल. एकटं पिल्लू झुरतं, सोबतीला कोंबडीचं पिल्लू चालतं, फक्त बदक पाणी उडवून सगळं ओलं करतं आणि कोंबडीचं पिल्लू त्यात गारठतं, तेव्हा गोणपाट सारखं बदला. अंगावर पूर्ण पिसं येईपर्यंत जाळी काढू नका.

आणि बेंबी ओली, लाल, वास येणारी दिसली तर हळद चोपडत बसू नका, लोंबणारा धागा ओढू नका. ते इन्फेक्शन असतं, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिकडेही विचारता येईल.