शेजारी कोण बसलं, एवढंच बघायचं का?

उमेदवाराची माणसं बघा म्हणजे उमेदवार कळतो, हे एका लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. संगत बघावी, जरूर बघावी. पण त्या माणसासाठी उमेदवाराने केलं काय, हे त्याहून महत्त्वाचं.

२००८ची अमेरिकेतली निवडणूक आठवा. ओबामांचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांतले काही सेकंदांचे वादग्रस्त तुकडे टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवले जात होते. शब्द राइट यांचे, जाब ओबामांना. विचारणं गैर नव्हतं. वीस वर्षांचा संबंध, लग्नही त्यांनीच लावलेलं. १८ मार्चला फिलाडेल्फियात ओबामांनी सविस्तर उत्तर दिलं, मेअखेर राइट यांचं चर्चही सोडलं.

आता त्याच निवडणुकीतले ओबामांचे प्रतिस्पर्धी, सिनेटर जॉन मॅकेन घ्या. चार्ल्स कीटिंग त्यांचे मित्र आणि मोठे देणगीदार. १९८७मध्ये कीटिंग यांच्या बचत-कर्ज संस्थेची सरकारी तपासणी चालू होती, तेव्हा मॅकेन इतर सिनेटरांबरोबर तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या दोन बैठकांना हजर राहिले. समोर चार-पाच सिनेटर बसल्यावर अधिकाऱ्यांवर काय दडपण येत असेल! १९९१मध्ये सिनेटच्या समितीने मॅकेन यांनी तारतम्य दाखवलं नाही असा शेरा मारला. त्यांनीही पुढे चूक मोकळेपणाने मान्य केली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

एकीकडे ऐकलेलं प्रवचन, दुसरीकडे पदाचं वजन मित्राच्या पारड्यात. मत देताना मला दुसऱ्याची धास्ती जास्त वाटते. त्या लेखात मात्र दोन्ही एकाच मापाने मोजलंय.